कर्नल मशीन बंद कसे करतो: पॉवरऑफच्या आज्ञेपासून वीज तुटेपर्यंतचा प्रवास, आणि तो मध्येच अडला तर काय करायचे

स्क्रीन काळी झाली, पण पंखा फिरतोच आहे. किंवा 'पॉवर डाऊन' ही ओळ उमटली आणि त्यापुढे काहीच घडत नाही. किंवा मशीन व्यवस्थित बंद झाले आणि दोन-चार सेकंदांत आपोआप पुन्हा चालू झाले. या तिन्ही तक्रारी 'शटडाऊन होत नाही' याच शब्दांत मांडल्या जातात, पण तिन्हींचे मूळ वेगवेगळ्या जागी असते.

कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, वीज स्वतः तोडत नाही, ही गोष्ट आधी पक्की समजून घ्यावी. तो प्रत्येक उपकरणाला आवरते घ्यायला लावतो आणि अगदी शेवटी फर्मवेअरला (बोर्डातच बसवलेल्या सॉफ्टवेअरला), चिपसेटला किंवा पॉवर सांभाळणाऱ्या चिपला 'आता वीज तोड' असे कळवतो. बिघाड शोधताना म्हणूनच पहिला प्रश्न असा असतो: साखळी नेमक्या कुठल्या कडीवर थांबली? पुढे ही साखळी क्रमाने दिली आहे. मुख्य उदाहरण लिनक्सचे आहे, कारण त्यात प्रत्येक कडी उघडून पाहता येते. आज्ञा आणि फाइलींचे मार्ग इथे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते रोमन अक्षरांतच टाइप करायचे.

कर्नलच्या आधीचे काम

'सिस्टमसीटीएल पॉवरऑफ' दिल्यावर लगेच कर्नलकडे काही जात नाही. सिस्टमडी हा सर्व्हिसेस (पार्श्वभूमीत चालणारे प्रोग्राम) सांभाळणारा प्रोग्राम आधी त्या ज्या क्रमाने सुरू झाल्या त्याच्या उलट क्रमाने थांबवतो. प्रत्येक सर्व्हिसला सिगटर्म ('थांब' ही विनंती) मिळतो आणि ती मुदतीत थांबली नाही तर सिगकिल (सक्तीने मारणे). ही मुदत मूळ सेटिंगमध्ये ९० सेकंदांची असते. 'अ स्टॉप जॉब इज रनिंग' असे लिहून सेकंद मोजणारी ओळ दिसते ती याच टप्प्यावर, आणि तिथे हार्डवेअरचा काहीही दोष नसतो. मुदत 'डिफॉल्टटाइमआउटस्टॉपसेक' या सेटिंगने बदलते. डेटाबेस चालणाऱ्या मशीनवर ती सरसकट पाच-दहा सेकंदांवर आणू नये. अडणारी सर्व्हिस शोधून तिच्यापुरतीच बदलावी.

सर्व्हिसेस थांबल्या की 'सिस्टमडी-शटडाऊन' हा छोटा प्रोग्राम पहिल्या क्रमांकाच्या प्रोसेसची जागा घेतो. तो उरलेल्या प्रोसेस मारतो, स्वॅप बंद करतो, फाइलसिस्टम अनमाउंट करतो, लूप डिव्हाइस आणि डिव्हाइस मॅपर सोडवतो. जी फाइलसिस्टम अनमाउंट होत नाही ती निदान फक्त-वाचनीय करतो. त्यानंतरच कर्नलची पाळी येते.

'सिस्टमसीटीएल पॉवरऑफ -एफ' सर्व्हिसेस थांबवण्याचा टप्पा वगळते, पण प्रोसेस मारणे आणि अनमाउंट करणे शाबूत ठेवते. तोच पर्याय दोनदा दिला तर अनमाउंटही होत नाही, थेट सिस्टम कॉल जातो. लिहायचा राहिलेला डेटा तेव्हा गेलाच समजा.

रीबूट सिस्टम कॉल

बंद करणे, थांबवणे आणि पुन्हा सुरू करणे ही तिन्ही कामे लिनक्समध्ये 'रीबूट' या एकाच सिस्टम कॉलमधून होतात. चुकून झालेला कॉल मशीन पाडू नये म्हणून त्याला दोन ठराविक आकडे द्यावे लागतात. पहिला हेक्स (सोळाच्या पायावरचा) एफईई१डीईएडी. दुसऱ्यासाठी चार आकडे चालतात. त्यातला मूळचा हेक्समध्ये २८१२१९६९ असा दिसतो, म्हणजे लिनस तोरवाल्ड्स यांची जन्मतारीख, २८ डिसेंबर १९६९. तिसऱ्या जागी खरी आज्ञा येते. पॉवरऑफसाठी ती हेक्स ४३२१एफईडीसी आहे. कॉल करणाऱ्याकडे 'कॅप सिस बूट' हा अधिकार लागतो. कंटेनरच्या वेगळ्या पीआयडी नेमस्पेसमधून हा कॉल झाला तर यजमान मशीन बंद होत नाही, फक्त त्या नेमस्पेसचा इनिट, म्हणजे तिथली पहिली प्रोसेस, मारला जातो.

दोन गोष्टी इथे लक्षात ठेवाव्यात. हा कॉल स्वतःहून सिंक करत नाही, म्हणजे मेमरीत राहिलेला डेटा डिस्कवर उतरवत नाही, त्यामुळे स्वतःचा इनिट लिहिणाऱ्याने आधी 'सिंक' करून अनमाउंट केलेच पाहिजे. दुसरे, कर्नल आधी पाहतो की वीज तोडू शकणारा एखादा हँडलर नोंदवलेला आहे का. नसेल तर पॉवरऑफची आज्ञा हॉल्टमध्ये (मशीन थांबते, पण वीज चालूच राहते) बदलली जाते. शेवटची ओळ 'पॉवर डाऊन' ऐवजी 'सिस्टम हॉल्टेड' अशी दिसली, तर डिस्क आणि ड्रायव्हर तपासत बसू नका. वीज तोडणारा ड्रायव्हरच लोड झालेला नाही.

उपकरणांना आवरायला लावणे

शटडाऊनमधल्या चुका बहुतेक याच टप्प्यावर होतात, आणि डेटा वाचतो तोही इथेच.

आधी रीबूट नोटिफायरची साखळी चालते. ज्या भागांना 'मशीन जाणार आहे' हे लवकर कळायला हवे ते इथे नाव नोंदवून ठेवतात. वॉचडॉग (मशीन प्रतिसाद देईना झाले की ते रीसेट करणारा टायमर) हे नेहमीचे उदाहरण: तो इथे थांबवला नाही आणि पुढे मशीन नुसते हॉल्ट झाले, तर मुदत संपताच तो मशीन रीसेट करतो. 'बंद केलेला बोर्ड मिनिटाभराने परत सुरू होतो' या तक्रारीत वॉचडॉग आधी तपासावा.

मग 'डिव्हाइस शटडाऊन' हे फंक्शन चालू होते. ते आधी चालू असलेले प्रोबिंग (उपकरण ओळखून ड्रायव्हर जोडणे) पूर्ण होऊ देते आणि नवे प्रोबिंग रोखते. त्यानंतर सगळ्या डिव्हाइसेसची यादी शेवटून सुरुवातीकडे चालत जाते. उलटा क्रम महत्त्वाचा, कारण यूएसबीवरची डिस्क यूएसबी कंट्रोलरच्या आधी आवरली पाहिजे आणि कंट्रोलर पीसीआय ब्रिजच्या आधी. आई-बाप आधी गेले तर लेकराशी बोलायला बस उरत नाही. प्रत्येक थांब्यावर बसचा शटडाऊन कॉलबॅक (अशा वेळी बोलावण्यासाठी नोंदवलेले फंक्शन) असेल तर तो, नसेल तर ड्रायव्हरचा कॉलबॅक बोलावला जातो. कॉलबॅक नसलेल्या ड्रायव्हरचे उपकरण आहे त्या अवस्थेत सोडून दिले जाते.

एनव्हीएमई डिस्कचे काय होते ते जवळून पाहू. ड्रायव्हर कंट्रोलरच्या कॉन्फिगरेशन रजिस्टरमधल्या दोन बिटांत ०१ लिहितो, म्हणजे 'नेहमीचे शटडाऊन'. कंट्रोलर आतला कॅशे आणि पत्त्यांचे तक्ते फ्लॅशवर उतरवतो आणि स्थिती रजिस्टरमध्ये १० दाखवतो, म्हणजे 'पूर्ण झाले'. ड्रायव्हर त्या बिटांवर नजर ठेवून थांबतो. मुदत 'एनव्हीएमई_कोर.शटडाऊन_टाइमआउट' या पॅरामीटरने ठरते. मूळ किंमत ५ सेकंद. डिस्कने स्वतः जास्त वेळ मागितला असेल तर तोही धरला जातो. मुदत उलटली तर कर्नल इशारा छापून पुढे जातो. डिस्कचे काम पूर्ण होण्याआधी वीज तुटली तर डिस्क 'अनसेफ शटडाऊन' हा आपला आकडा एकाने वाढवते. 'एनव्हीएमई स्मार्ट-लॉग' या आज्ञेत तो दिसतो. शटडाऊन नीट होते आहे का हे जोखायचे यापेक्षा प्रामाणिक माप नाही, कारण तो आकडा कर्नल लिहीत नाही, डिस्क लिहिते.

साटाच्या डिस्कवर दोन ओळी येतात: आधी कॅशे सिंक केल्याची, मग डिस्क थांबवल्याची. दुसऱ्या आज्ञेने फिरत्या डिस्कची हेड सावकाश पार्क होतात. ती पोचण्याआधी वीज गेली तर हेड झटक्याने मागे ओढली जातात आणि स्मार्टचा (डिस्कच्या स्वतःच्या आरोग्य-नोंदीचा) १९२ क्रमांकाचा आकडा वाढतो. रोज बंद होणाऱ्या मशीनवर तो रोज वाढत असेल, तर डिस्क थांबण्याची आज्ञा न पोचताच वीज तुटते आहे.

स्वतः ड्रायव्हर लिहिणाऱ्याने शटडाऊन कॉलबॅकमध्ये इतके तरी करावे: नवे काम घेणे थांबवावे, चालू डीएमए (उपकरणाची थेट मेमरीशी देवाणघेवाण) पूर्ण होऊ द्यावे किंवा तोडावे, इंटरप्ट बंद करावा, उपकरणाला त्याच्या भाषेत 'आवर' सांगावे, आणि प्रत्येक प्रतीक्षेला मुदत घालावी. मुदतीशिवायचा एक लूप पुरतो, सगळे मशीन तिथेच लटकते. मेमरी मोकळी करणे वगैरे रिमूव्हची (ड्रायव्हर काढतानाची) कामे इथे आणू नयेत. ती नको तिथे गुंतागुंत वाढवतात.

एकच प्रोसेसर उरतो

उपकरणे आवरली की बोर्डाचे हँडलर आपली पूर्वतयारी करतात. मग काम बूट प्रोसेसरवर, सहसा शून्य क्रमांकाच्या, आणले जाते, कारण काही फर्मवेअर शेवटचा हुकूम इतर कोअरवरून आला तर लटकते. त्यानंतर 'रीबूट: पॉवर डाऊन' ही ओळ छापली जाते. एक्स८६ वर पुढे बाकीचे कोअर थांबवले जातात आणि इंटरप्ट कंट्रोलर बंद होतो. इथून पुढे शेड्यूलर नाही, झोप घेणारे कुठलेही फंक्शन चालत नाही.

शेवटचा हुकूम: एसीपीआय आणि एस५

साध्या पीसीवर ही सोय १९९६ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या एसीपीआयच्या (फर्मवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टम यांच्यातल्या पॉवरच्या ठरलेल्या नियमांच्या) पहिल्या आवृत्तीपासून आहे. काम दोन भागांत होते. पूर्वतयारीत कर्नल फर्मवेअरची 'पीटीएस' ही मेथड ५ हा आकडा (एस५, म्हणजे पूर्ण बंद अवस्था) देऊन चालवतो. तेव्हा 'प्रिपेअरिंग टू एंटर सिस्टम स्लीप स्टेट एस५' ही ओळ दिसते. ती 'पॉवर डाऊन' च्या आधी येते. शेवटी पीएम१ए कंट्रोल या १६ बिटांच्या रजिस्टरमध्ये एक आकडा लिहिला जातो. त्यातले १० ते १२ क्रमांकाचे बिट कुठल्या अवस्थेत जायचे ते सांगतात आणि १३ वा बिट म्हणजे 'आता जा'.

अवस्थेचा आकडा प्रत्येक बोर्डाचा वेगळा असतो आणि तो फर्मवेअरच्या डीएसडीटी टेबलातल्या 'एस५' या ऑब्जेक्टमधून घ्यावा लागतो. रजिस्टरचा पत्ता फर्मवेअरच्याच एफएडीटी टेबलात मिळतो. स्वतः पाहायचे असेल तर असे करा:

१. रूट म्हणून '/प्रॉक/आयओपोर्ट्स' वाचा आणि त्यात 'पीएम१ए_सीएनटी' ची ओळ शोधा. तोच पोर्टचा पत्ता.

२. 'एसीपीआयडंप' ने टेबले काढा, 'एसीपीआयएक्सट्रॅक्ट' ने वेगळी करा आणि डीएसडीटीची फाइल 'आयएएसएल -डी' ने उलगडा.

३. उलगडलेल्या फाइलीत 'एस५' शोधा. पॅकेजातला पहिला आकडा हवा तो.

४. तो आकडा १० बिट डावीकडे सरकवा आणि त्यात हेक्स २००० मिळवा.

क्यूईमू या आभासी मशीन चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये हा आकडा शून्य आणि पोर्ट हेक्स ६०४ आहे, म्हणून तिथे नुसते हेक्स २००० लिहिले की आभासी मशीन बंद. व्हर्च्युअलबॉक्समध्ये आकडा ५, पोर्ट हेक्स ४००४. म्हणून हेक्स १४०० अधिक २०००, म्हणजे ३४००. इंटेलच्या चिपसेटवर एस५ साठी ७ असतो, तेव्हा ३सी००. छंद म्हणून स्वतःचा कर्नल लिहिणारे बरेचजण क्यूईमूचा आकडा कोडमध्ये कायमचा घालतात आणि खऱ्या मशीनवर काहीच घडत नाही म्हणून चक्रावतात. टेबल वाचण्याला पर्याय नाही. उलट, खऱ्या मशीनवर अंदाजाने आकडे लिहून पाहणे धोक्याचे आहे, कारण त्या पत्त्यावर भलतेच काही असू शकते.

लेखन झाल्यावर चिपसेट आपले स्लीप सिग्नल खाली आणतो, मदरबोर्ड पॉवर सप्लायची पीएस-ऑन तार सोडून देतो, आणि मुख्य व्होल्टेज जातात. एटीएक्सच्या २४ पिनी कनेक्टरवर ही हिरवी तार १६ व्या पिनवर असते. ९ व्या पिनवरची जांभळी, ५ व्होल्ट स्टँडबायची तार मात्र जिवंतच राहते. बटण, नेटवर्क कार्ड आणि चिपसेटचा छोटा भाग तिच्यावर जागा असतो. मदरबोर्डला हात लावण्याआधी सप्लायचा मागचा स्विच बंद करायचा तो याचसाठी.

ज्या मशीनमध्ये एसीपीआयचे कमी-हार्डवेअर रूप आहे किंवा एस५ दिलेलेच नाही, तिथे कर्नल यूईएफआयच्या 'रीसेट सिस्टम' या सेवेला शटडाऊनचा प्रकार देऊन काम भागवतो.

आर्म, रिस्क-फाइव्ह आणि छोटे बोर्ड

६४ बिटी आर्मवर बहुधा पीएससीआय ही फर्मवेअरला हाक मारण्याची ठरलेली पद्धत असते: कर्नल हेक्स ८४०००००८ हा क्रमांक घेऊन सुरक्षित फर्मवेअरला हाक मारतो आणि तिथून परत येत नाही. रिस्क-फाइव्हवर हेच काम एसबीआय या तशाच पद्धतीच्या सिस्टम रीसेट विस्तारातून होते. शून्य प्रकार म्हणजे शटडाऊन.

अनेक छोट्या बोर्डांवर मात्र वीज पीएमआयसी या पॉवर सांभाळणाऱ्या चिपच्या हाती असते आणि तिच्याशी आयटूसी या दोन तारांच्या बसवरून बोलावे लागते. इथे एक खास अडचण उभी राहते. शेवटच्या टप्प्यावर इंटरप्ट बंद असतात आणि साधे आयटूसी ड्रायव्हर इंटरप्टची वाट पाहतात. मग हुकूम जातच नाही. उपाय म्हणजे कंट्रोलरच्या ड्रायव्हरमध्ये अटॉमिक ट्रान्सफरचा कॉलबॅक असणे, म्हणजे तो स्थिती रजिस्टर वाचत वाचत बाइट पाठवतो. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरच्या हार्डवेअरच्या वर्णनात) पीएमआयसीच्या नोडवर 'सिस्टम-पॉवर-कंट्रोलर' हा गुणधर्म विसरला तरी बोर्ड बंद होत नाही, कारण अनेक ड्रायव्हर तो पाहूनच हँडलर नोंदवतात.

नुसत्या जीपीआयओ (सॉफ्टवेअरने चालू-बंद करता येणाऱ्या) पिनने वीज तुटत असेल तर 'जीपीआयओ-पॉवरऑफ' पुरतो. तो पिन सक्रिय करतो, १०० मिलिसेकंद थांबतो, निष्क्रिय करतो, १०० मिलिसेकंद थांबतो, पुन्हा सक्रिय करतो आणि ३००० मिलिसेकंद वाट पाहतो. पातळी पाहणारे आणि कडा पाहणारे, दोन्ही प्रकारचे सर्किट त्यात बसते. तेवढ्यात वीज गेली नाही तर लॉगमध्ये वॉर्निंग येते. तिन्ही वेळा डिव्हाइस ट्रीमधून बदलता येतात. मोठे कपॅसिटर असलेल्या बोर्डावर शेवटची मुदत वाढवा, नाहीतर वीज उतरत असतानाच उगाच वॉर्निंग दिसेल.

स्वतःचा हँडलर लिहायचा असेल तर लिनक्स ५.१९ पासून 'सिस-ऑफ हँडलर' ची पद्धत वापरावी. जुना मार्ग, म्हणजे 'पीएम_पॉवर_ऑफ' हा एकुलता ग्लोबल पॉइंटर, दोन ड्रायव्हरांनी धरला की शेवटचा जिंकायचा. नव्या पद्धतीत प्राधान्य देता येते: साधे ०, फर्मवेअरचे २२४, अगदी शेवटचा उपाय म्हणून प्लॅटफॉर्मचे उणे २५६. मोठा आकडा आधी चालतो. झोप लागणारी कामे पूर्वतयारीच्या प्रकारात नोंदवावीत, कारण प्रत्यक्ष पॉवरऑफच्या प्रकारात झोपायला मनाई आहे. वीज तुटली नाही तर फंक्शनने निमूट परत यावे, म्हणजे पुढच्या हँडलरला संधी मिळते.

कुठे अडले ते शोधणे

आधी पडद्यावरचे शेवटचे वाक्य पाहा. 'क्वायट' आणि 'स्प्लॅश' हे कर्नलचे बूट पॅरामीटर काढून टाका. त्यांच्या जागी 'इग्नोर_लॉगलेव्हल' आणि 'इनिटकॉल_डीबग' घाला. दुसऱ्यामुळे प्रत्येक डिव्हाइसच्या शटडाऊनआधी तिचे नाव छापले जाते. यादी जिथे तुटते ती डिव्हाइस संशयित. तिचा मॉड्यूल आधी हाताने काढून मग पॉवरऑफ देऊन पाहा. मशीन बंद झाले तर गुन्हेगार सापडला.

पडदा लवकर काळा होत असेल तर सिरियल कन्सोल लावा: 'कन्सोल=टीटीवायएस०,११५२००'. नेटकन्सोल (नेटवर्कवरून लॉग पाठवण्याची सोय) शेवटपर्यंत टिकत नाही, कारण नेटवर्क कार्डही याच यादीत आवरले जाते. सिरियलची सोय नसेल तर '/यूएसआर/लिब/सिस्टमडी/सिस्टम-शटडाऊन/' या फोल्डरमध्ये एक छोटी स्क्रिप्ट ठेवा: रूट पुन्हा लिहिण्यायोग्य करायचे, 'डीमेसेज' चे आउटपुट एका फाइलीत टाकायचे, रूट परत फक्त-वाचनीय करायचे. ती सिस्टम कॉलच्या जरा आधी चालते, त्यामुळे तिथपर्यंतचा लॉग पुढच्या बूटला मिळतो.

एस५ ची आणि 'पॉवर डाऊन' ची ओळ दिसूनही पंखा फिरत असेल, तर कर्नलने आपले बहुतेक काम केले आहे. संशय फर्मवेअरवर घ्या. बायॉस अपडेट करणे हा इथे खरा उपाय असतो. 'रीबूट=' हा पॅरामीटर बदलत बसणे व्यर्थ आहे, कारण तो पुन्हा सुरू करण्याची पद्धत निवडतो, बंद करण्याची नाही.

सिस्टम गोठली असेल तर मॅजिक सिसआरक्यू (कर्नलला थेट हुकूम देणारी कळांची जोडी) सेटिंगमध्ये चालू असल्यास कामाला येते. ऑल्ट आणि सिसआरक्यू दाबून धरून आधी एस, मग यू, मग ओ: सिंक, फक्त-वाचनीय, पॉवरऑफ. प्रत्येकामध्ये काही सेकंद जाऊ द्या. तेही चालले नाही तर बटण चार सेकंद दाबून धरणे उरते. ते काम चिपसेट स्वतः करतो, कर्नलला त्याचा पत्ताही लागत नाही.

बंद होऊन पुन्हा चालू होणारे मशीन

इथे शटडाऊन यशस्वी झालेले असते. कोणीतरी मशीनला जागे करते. '/प्रॉक/एसीपीआय/वेकअप' वाचा. 'एनेबल्ड' दिसणाऱ्या नोंदींपैकी एकेकीचे नाव त्याच फाइलीत लिहून ती बंद करा आणि दर वेळी पॉवरऑफ करून पाहा. यूएसबीचा कंट्रोलर हा पहिला संशयित. इंटेलच्या हॅसवेल पिढीतल्या अशाच त्रासासाठी कर्नलमध्ये, कंट्रोलरला शटडाऊनवेळी डी३ (उपकरणाच्या बंद) अवस्थेत ढकलणारा उपाय घालावा लागला आहे. दुसरा संशयित नेटवर्कवरून जागे होण्याची सोय: 'इथटूल -एस', इंटरफेसचे नाव आणि 'डब्ल्यूओएल डी' देऊन ती बंद होते. बायॉसमध्ये ईआरपी नावाचा वीजबचतीचा पर्याय असेल तर तो लावल्यावर स्टँडबायवरचे बहुतेक भाग झोपतात, पण दुरून मशीन चालू करण्याची सोयही जाते.

दुरुस्ती टिकते का हे पाहायला एकदोन वेळा बंद करून भागत नाही. 'आरटीसीवेक -एम ऑफ -एस १२०' ही आज्ञा मशीन बंद करते आणि घड्याळाच्या अलार्मने दोन मिनिटांनी परत चालू करते. बहुतेक पीसींवर एस५ मधूनही हे चालते. बूटनंतर ती आपोआप चालेल अशी सर्व्हिस बनवा. सुरुवातीचा अनसेफ शटडाऊनचा किंवा १९२ चा आकडा लिहून ठेवा आणि रात्रभर चक्र चालू द्या. सकाळी तो आकडा होता तेवढाच असेल तर साखळी शाबूत आहे. वाढला असेल तर दर बूटला त्याची नोंद घेणारी ओळ सर्व्हिसमध्ये घाला, म्हणजे कुठल्या चक्रात वाढला ते कळेल आणि त्या चक्राचा सिरियल लॉग उघडता येईल.